तारपा कुठल्या बाजूने बघायचा?

आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये, वॉटर कूलरच्या वर, एक तारपकरी आहे. गेरूसारख्या रंगाच्या भिंतीवर पांढऱ्या रंगात. त्याच्याभोवती माणसांची साखळी गोल गोल फिरत थेट मायक्रोवेव्हपर्यंत गेलीय. जवळपास दोन वर्षं मी त्याच्याखाली उभा राहून बाटली भरत होतो. मग एक दिवस कूलर बिघडला, पाणी थेंब थेंब येत होतं, आणि नाइलाजाने मी भिंतीकडे नीट बघितलं. त्याच्या हातात तारपा नव्हताच. बासरी होती. कॅलेंडरवरच्या कृष्णाच्या हातात असते तशी, आडवी धरलेली.

पुढची गोष्ट सांगायला जरा लाज वाटते. ती फाइल मीच दिली होती. ऑफिसचं नूतनीकरण चाललं होतं, 'लोकल आर्ट' अशी थीम ठरली होती, आणि अॅडमिनमधल्या मॅडम म्हणाल्या, "तू डहाणूचा ना? मग वारलीचं तूच बघ." मी एका स्टॉक साइटवरून वेक्टर पॅक उतरवला, त्यातल्या त्यात भरगच्च दिसणारं चित्र उचललं, चारदोन वेडेवाकडे बिंदू सरळ केले आणि मेल करून टाकलं. सगळा मिळून अर्धा तास गेला असेल. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, त्यामुळे माझं निम्मं लहानपण डहाणू तालुक्यातल्या एका पाड्याशेजारी गेलंय. तारपा मी शेकडो वेळा बघितलाय. सुकवलेला दुधी भोपळा, त्यातून निघालेल्या बांबूच्या दोन नळ्या, टोकाला ताडाच्या पानांचा गुंडाळून केलेला लांब भोंगा, सांधे मेणाने बुजवलेले. बासरीशी त्याचं दूरदूरचं नातं नाही. तरी माझ्या डोळ्यांनी ती चूक पास केली. आमच्या भाषेत सांगायचं तर कोड रिव्ह्यूला मीच 'अॅप्रूव्ह' दाबलं.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही. मी नक्की काय बघत होतो? वारली चित्रकलेबद्दल लिहिलेलं मिळेल ते वाचलं, मिळतील ती चित्रं बघितली, महोत्सवांना गेलो, गावीही दोन चकरा मारल्या. त्यातून जे हाताला लागलं ते इथे मांडतोय. मी कलासमीक्षक नाही. पण ज्या चित्रांच्या शेजारी वाढलो ती मला दिसतच नव्हती, ही गोष्ट तपासण्यासारखी आहे.

सुरुवात घरापासून. म्हणजे माझ्या नाही, पाड्यावरच्या घरापासून. कारवीच्या कुडाची भिंत, शेणमातीने सारवलेली, वर गेरू. लग्न ठरलं की त्या भिंतीवर चौक लिहिला जायचा. हो, लिहिला, 'काढला' नाही, असंच माझ्या कानावर आहे. तांदळाचं पीठ पाण्यात कालवायचं, बांबूची काडी चावून तिचं टोक मऊ करायचं आणि हाच ब्रश. लिहिणाऱ्या सगळ्या बायका, सवासिनी. शेजारी धवलेरी बसून गाणी म्हणायची. धवलेरी म्हणजे लग्न लावणारी बाई. भटजी वगैरे नाही, लग्न लावायचं काम बाईकडे. चौकटीत मध्यभागी पालघट देवी. बाजूला सूर्य, चंद्र, फणी, शिडी. दुसऱ्या एका छोट्या चौकात घोड्यावर बसलेला पंचशिऱ्या देव. चौक पुरा झाल्याशिवाय लग्न पुढे सरकायचं नाही.

मी सहा-सात वर्षांचा असताना असं एक लग्न बघितल्याचं आठवतं. चित्रापेक्षा अंधार जास्त लक्षात आहे. ती खोली इतकी काळोखी होती की डोळे सरावल्याशिवाय भिंतीवर काही दिसायचंच नाही. चौकटीची नक्षी इतकी दाट की आत देवी आहे हे आधी कळलंच नाही. कुणीतरी चिमणी वर धरली तेव्हा ती दिसली. आईने मागे ओढलं, "हात लावू नकोस."

आता आमच्या कँटीनच्या भिंतीशी तुलना करा. तिथे एलईडी आहे, वरून मुद्दाम सोडलेला स्पॉटलाइटही आहे. देवी नाही, चौक नाही, बाई तर नाहीच. आहे तो तारपकऱ्याचा गोल. शहरात वारली म्हणून जे जे दिसतं त्यात दहापैकी नऊ वेळा हाच गोल असतो. चादरीवर, मगवर, लग्नाच्या पत्रिकेवर, मोबाइलच्या कव्हरवर. माझा आकडा अर्थातच शास्त्रीय नाही. महिनाभर दिसेल त्याचे फोटो काढत होतो, त्यावरून सांगतोय. पालघट एकदाही सापडली नाही. एका परीने बरंच झालं म्हणा, मगवर देवी छापलेली मला तरी बघवली नसती. पण यातून एक गंमत दिसते. ज्या चित्रापासून ही सगळी परंपरा सुरू होते तेच आपण वगळलंय, आणि जे कडेला असायचं त्याचं बोधचिन्ह केलंय.

हे कसं झालं याचा इतिहास बऱ्यापैकी नोंदलेला आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार हस्तकलांसाठी काम करणाऱ्या सरकारी यंत्रणेतर्फे या भागात आले. त्याआधी १९६० च्या दशकात, बिहारमध्ये दुष्काळ असताना, ते मिथिलेत गेले होते. तिथल्या बायकांना कागद देऊन भिंतीवरची चित्रं कागदावर आणायच्या खटपटीत त्यांचा मोठा वाटा होता. तोच प्रयोग त्यांनी डहाणूकडे केला. पण मिथिलेत कागदावर बायका आल्या. सीतादेवी, गंगादेवी अशी नावं देशाला कळली. इथे बायका बुजल्या आणि पुढे आला एक पुरुष. गंजाडजवळच्या कळंबीपाड्याचे जिव्या सोमा म्हसे. जन्म १९३४. आई लवकर गेली, पोर बोलेनासं झालं, मातीत रेघोट्या ओढून सांगायचं ते सांगू लागलं, ही गोष्ट त्यांच्याबद्दल नेहमी सांगितली जाते. १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, २०११ मध्ये पद्मश्री. १९८९ साली पॅरिसला पोंपिदू सेंटरने 'मॅजिसियँ द ला तेर' हे जगभरातल्या कलाकारांचं गाजलेलं प्रदर्शन भरवलं, त्यात ते होते. रिचर्ड लाँग या ब्रिटिश कलाकाराबरोबर त्यांचं प्रदर्शन जर्मनीत झालं. २०१८ च्या मे महिन्यात ते गेले.

म्हसे मोठे चित्रकार होते. हे वाक्य मुद्दाम साधं ठेवतोय, कारण त्यांच्याबद्दल लिहिताना लोक 'निरागस', 'आदिम', 'निसर्गाशी एकरूप' असे शब्द काढतात आणि मग चित्राकडे बघायचं राहूनच जातं. त्यांचं मासे पकडायच्या जाळ्याचं चित्र बघा. कागदभर पसरलेलं जाळं, केसासारख्या बारीक रेषा, एकेक घर वेगळं, आणि सगळं मिळून ते हलतंय असं वाटतं. मी दिवसभर ग्रिडवर काम करतो, सगळे चौकोन एकसारखे असले की मला बरं वाटतं. म्हशांच्या जाळ्यात दोन घरं सारखी नाहीत आणि जाळं तरी कुठे फाटत नाही. यात निरागस काय आहे? ही हातावरची हुकमत आहे. हुसेन यांच्या घोड्याला कुणी 'निसर्गाशी एकरूप' म्हणत नाही. त्या घोड्याच्या रेषेबद्दल बोलतात. म्हशांच्याही रेषेबद्दल बोलावं, एवढीच माझी तक्रार.

आणि दुसरी तक्रार अशी, की म्हसे मोठे होते म्हणून त्यांच्या आधीच्या बायका बिननावाच्या राहिल्या, हे आपण फार सहज मान्य करून टाकलंय. दोष म्हशांचा नाही. त्यांनी एक मोठी गोष्ट केली. लग्न नसतानाही चित्र काढता येतं, रोज काढता येतं, स्वतःच्या मनातलं काढता येतं, हे दाखवलं. रीतीपासून चित्र मोकळं झालं. पण त्याच झटक्यात ते पुरुषांकडे गेलं, आणि पैसा व नाव कागदामागोमाग गेले. यशोधरा दालमिया यांच्या १९८८ च्या पुस्तकात चौक, सवासिनी, धवलेरी हे सगळं सविस्तर येतं. त्यानंतर आलेल्या कॅटलॉगांत, हस्तकलांच्या दुकानांत, आमच्या कँटीनच्या पाटीवर ('वारली : महाराष्ट्राची आदिवासी लोककला', तेही मीच लिहून दिलं होतं) बाई एका ओळीपुरती उरते. 'पूर्वी हे चित्र स्त्रिया काढत.' या 'पूर्वी'च्या पोटात काय काय दडलंय!

लग्नाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट सांगतो. माझ्या दृष्टीने या लेखात सगळ्यात महत्त्वाची तीच आहे. वारली चित्रांवरचं लेखन एका कपाटात असतं आणि वारल्यांच्या लढ्यावरचं दुसऱ्या. पहिल्या कपाटात लग्न म्हणजे सुफलतेचा विधी, धरतरी, कणसरी, पालघट. दुसऱ्या कपाटात गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो'. १९७० मध्ये आलेलं, साहित्य अकादमी मिळालेलं. वडिलांच्या कपाटात ते होतं, मी वाचलं मात्र आत्ता. त्यात लग्न म्हणजे लग्नगडी. लग्नासाठी सावकाराकडून, जमीनदाराकडून कर्ज घ्यायचं आणि त्या बदल्यात नवऱ्याने, बऱ्याचदा त्याच्या बायकोनेही, त्याच्याकडे राबायचं. वर्षानुवर्षं. कर्ज फिटतच नाही, हिशेब त्याच्या वहीत. १९४५ साली तलासरी तालुक्यातल्या झरीच्या सभेपासून वेठबिगारी आणि लग्नगडी पद्धतीविरुद्ध जे उठलं, ते याच घरांतून उठलं. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला झालेल्या गोळीबारात जेठ्या गांगड आणि त्यांचे सोबती मारले गेले.

म्हणजे भिंत तीच आणि लग्नही तेच. आत बायका तांदळाच्या पिठाने देवी लिहिताहेत आणि त्या तांदळासाठी घेतलेल्या पैशावर नवरामुलगा विकला गेलाय. ही दोन पुस्तकं एकमेकांशेजारी ठेवून वाचल्यावर तो अंधारा चौक मला वेगळा दिसायला लागला. अजूनही पालघर जिल्ह्यात बरीच जोडपी खर्च झेपत नाही म्हणून आधी संसार थाटतात आणि लग्न पुढे कधीतरी लावतात. पोरं कडेवर घेऊन सामुदायिक विवाहात उभे राहिलेले नवरानवरी मी स्वतः बघितलेत. चौकाचं सौंदर्य यामुळे कमी होत नाही, उलट त्याची किंमत कळते. 'आनंदी, साधे, निसर्गपूजक लोक' हे पाटीवरचं वाक्य मात्र यानंतर मला लिहिता आलं नसतं.

आता महोत्सवांकडे येतो. गेल्या वर्षभरात शहरात तीन ठिकाणी 'तारपा नृत्य' बघितलं. एक मॉलमध्ये, एक कॉलेजच्या उत्सवात, एक चांगल्या नावाजलेल्या लोककला महोत्सवात. कुणाचं नाव घेत नाही, कारण तिन्हीकडे तेच झालं. निवेदकाने 'जल, जंगल, जमीन' म्हटलं, दिवे मंदावले, आणि नर्तकांची साखळी स्टेजवर आली. प्रेक्षक एकाच बाजूला बसलेले. त्यामुळे गोल उघडून त्याची कमान करावी लागली, तोंडं सगळी समोर. तारपकरी एका कडेला माइकपाशी. सात-आठ मिनिटांत आटोपलं.

पाड्यावरचा तारपा असा नसतो. भात तयार झाल्यावर, रात्रीच्या वेळी, तारपकरी मध्ये आणि साखळी त्याच्याभोवती. एकमेकांच्या कमरेला हात. तारपकरी श्वास तोडत नाही. गालात हवा धरून नाकाने आत घेत राहतो, त्यामुळे सूर सलग चालतो आणि पावलंही. तो वळेल तशी साखळी वळते. तासन्‌तास. मुख्य म्हणजे या नाचाला 'समोर' नाही. बाहेर उभं राहून बघणाऱ्याला कायम कुणाची तरी पाठच दिसते. बघायची जागा एकच, साखळीच्या आत. इतक्या वर्षांत हे कधी शब्दांत विचार करून बघितलं नव्हतं. स्टेजवर ती कमान बघितली तेव्हा कळलं, काय मोडलंय. कपडे खरे होते, वाद्य खरं होतं, माणसं डहाणू-जव्हारचीच होती. मोडली होती ती भूमिती.

म्हणून चित्रात तो गोल वरून दिसतो. सगळी माणसं जमिनीवर आडवी पडल्यासारखी, तारपकरी मध्ये. शाळेत चित्रकलेच्या सरांनी यालाच 'पर्स्पेक्टिव्हचा अभाव' म्हटलं होतं. मला वाटतं, उलट आहे. ज्या गोष्टीला समोर नाही ती दाखवायची प्रामाणिक रीत हीच. कुठूनही बघा, सगळे दिसतात, कुणीच पाठमोरं नाही.

तरीही 'स्टेजवर नाच नेऊ नका' असं म्हणायला मी तयार नाही. जव्हारजवळच्या वाळवंड्याचे भिकल्या धिंडा आयुष्यभर तारपा बनवत आणि वाजवत आले, उतारवयात त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. असा मान आणि थोडाफार पैसा मंचांमुळेच मिळतो. माझं म्हणणं आयोजकांना आहे. तीनही ठिकाणी मोकळं मैदान किंवा निदान मोठा हॉल होता. खुर्च्या गोल मांडता आल्या असत्या. माइक मध्यभागी टांगता आला असता. सात मिनिटांची चाळीस करता आली असती; त्याच महोत्सवात शास्त्रीय गायकाला दीड तास होता आणि त्यांनी पहिली पंधरा मिनिटं तानपुरे लावले तेव्हा कुणी घड्याळ बघितलं नाही. 'लोककलेच्या संवर्धनासाठी' एवढं मोठं बॅनर छापणाऱ्यांना वीस खुर्च्या हलवणं जमू नये?

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण मित्र लगेच म्हणतात, "पण जीआय टॅग मिळालाय ना?" मिळालाय. पण भौगोलिक मानांकन नावाचं रक्षण करतं, रेषेचं नाही. या प्रदेशातल्या नोंदणीकृत लोकांशिवाय कुणी 'वारली पेंटिंग' म्हणून माल विकू नये, इतकंच. तेच त्रिकोण 'ट्रायबल प्रिंट' म्हणून छापले तर त्याला अडवणं कठीण. स्वामित्वहक्क कलाकाराच्या एकेका चित्रावर असतो, आपल्याकडे मृत्यूनंतर ६० वर्षं. म्हणजे म्हशांचं जाळं २०७८ संपेपर्यंत सुरक्षित. पण पिढ्यान्‌पिढ्यांच्या बायकांनी घडवलेली ती त्रिकोणी बोली कुणाच्याच नावावर नाही, म्हणून सगळ्यांची. माझ्या वेक्टर पॅकमध्ये ती 'फ्री फॉर कमर्शियल यूज' होती. कुतूहल म्हणून चित्रं बनवणाऱ्या एका एआयला 'वारली शैलीत तारपा' सांगून बघितलं. पाच वेळा गोल आला. तीन वेळा बासरी, एकदा सनई, आणि एकदा चक्क सॅक्सोफोन. मी त्याला हसलो नाही. ते माझ्यासारख्यांनी भरलेल्या चित्रांवरच शिकलंय.

मग चांगलं काय आहे? या शोधात सापडलेल्या दोन कामांनी मला बराच वेळ थांबवून ठेवलं.

पहिलं, 'फील्ड्स ऑफ साइट'. छायाचित्रकार गौरी गिल २०१३ च्या सुमारास गंजाडला गेल्या. फोटो काढत होत्या, आणि तिथलेच चित्रकार राजेश चैत्या वांगड त्यांना जागा दाखवत होते, इथे हे घडलं, इथे तो देव आहे, इथे जंगल होतं. फोटोत यातलं काहीच येईना. मग वांगडांनी त्या काळ्यापांढऱ्या फोटोंवरच चित्र काढलं. रिकामा डोंगर, उघडं शेत, काही फोटोंत स्वतः वांगड उभे, आणि त्यावर हजारो बारीक रेषांत जे कॅमेऱ्याला दिसत नाही ते सगळं. मी हे मोबाइलच्या स्क्रीनवर बघितलं, झूम करून करून. त्यासाठी ते बनवलेलं नाही हे मान्य. पण मी त्या रस्त्यांवरून सायकल चालवलीय. मला तिथे नुसता माळ दिसायचा. वांगड आणि मी एकाच माळाकडे बघत मोठे झालो, आणि मला फक्त फोटो दिसत होता. या कामात वारली चित्र 'सजावट' उरत नाही, ते फोटोशी भांडतं. आणि कामावर दोन नावं आहेत, दोन्ही पूर्ण. आमच्या पाटीवर शून्य.

दुसरं, जव्हारकडचं. तिथे आणि मोखाड्यात बोहाडा होतो. रात्री देवदेवतांची, राक्षसांची सोंगं एकेक करून मुखवटे घालून येतात. हे कागदाच्या लगद्याचे मुखवटे करणाऱ्या घराण्यातले सुभाष आणि भगवान धर्मा कडू. गिल यांनी त्यांना देवांऐवजी रोजच्या जगण्याचे मुखवटे करायला सांगितले, आणि गावातल्या लोकांनी ते घालून फोटो काढून घेतले. माणसाच्या धडावर टीव्ही, मोबाइल, पक्षी, म्हातारा चेहरा. २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या मोमा पीएसवनमध्ये हे लागलं होतं. इथे माझं मन जरा कुरकुरतं. या फोटोंत ठरवून केलेली विचित्रता आहे आणि ती न्यूयॉर्कला आवडेल अशी आहे. बोहाड्यातला मुखवटा हलतो, घामेजतो, संबळाच्या तालावर पोरांच्या अंगावर धावून येतो; फोटोत तो थबकतो. पण गंमत अशी की कल्पना कडू मंडळींची आहे, हे प्रत्येक मुखवट्यात दिसतं. 'परंपरा जपा' म्हणणाऱ्यांना जे सुचत नाही ते त्यांना सुचलं, की परंपरेला आजचं सोंग देता येतं.

गावी गेलो तेव्हा शाळेतल्या एका मित्राला भेटलो. तो चित्रं काढतो, दुकानांना आणि रिसॉर्टना पुरवतो. त्याच्या ओसरीवर एकाच मापाचे दहा-बारा कागद वाळत होते, सगळ्यांवर तारप्याचा गोल. मी माझं सगळं तत्त्वज्ञान त्याला ऐकवलं. चौक, पालघट, स्टेजची भूमिती. त्याने रेघ न थांबवता ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तू ऑफिसात रोज नवीन लिहितोस का? कॉपी-पेस्टच करतोस ना?" मी हो म्हटलं. "मग मला का रोज नवीन पायजे?" थोड्या वेळाने आतून एक कागद आणला. त्यावर गोल नव्हता. एक्स्प्रेसवेसाठी फोडलेला डोंगर होता, जेसीबी, त्याच्या दातांत अडकलेली झाडं, आणि खाली घर मोडून डोक्यावर कौलं घेऊन चाललेली माणसं. त्याच त्रिकोणांची. विकला जात नाही म्हणाला, रिसॉर्टवाल्याला 'निगेटिव्ह' वाटतो. आणि चौक? "तो आई लिहायची. मला येत नाही. आमच्या भिंती आता सिमेंटच्या, त्यावर पीठ धरत नाही."

ती चकर मी मुद्दाम ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनाला, गाठली होती. मोठी मिरवणूक होती. पुढे टेम्पोवर डीजे, मागे पिवळे-हिरवे फेटे, 'बंदर नको'चे फलक, बिरसा मुंडांची तसबीर, रिमझिम पाऊस. शहरातल्या रसिकाला अजिबात आवडलं नसतं. पोरं डीजेवर नाचत होती आणि गाण्यात तारप्याचाच सूर मिक्स केलेला होता, बेसवर. चौकात डीजे बंद झाला आणि एका म्हाताऱ्याने खराखुरा तारपा तोंडाला लावला. बघता बघता साखळी झाली. जीन्सवाल्या मुली, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं, एक नर्स, ड्युटीच्या कपड्यात. मी रेकॉर्ड करायला मोबाइल वर धरला. घरी येऊन बघितलं तर साडेतीन मिनिटं नुसत्या पाठी. मधूनच कुणाचा तरी हात कॅमेऱ्यासमोर येतो आणि बाजूला हो अशी खूण करतो.

कँटीनच्या भिंतीचं म्हणाल तर, बासरी बदलायला हवी असं मी अॅडमिनला कळवलं. चित्र नवं करायचं तर माझ्या मित्राकडून करून घेऊ, त्याचं नाव खाली लिहू, असंही सुचवलं. जेसीबीचा कागद फोटो काढून जोडला. दोन आठवड्यांनी सगळ्या कर्मचाऱ्यांना मेल आला, की तसंही या तिमाहीत भिंत नव्याने रंगवायचीच आहे, तरी कृपया पसंती कळवा : मधुबनी, गोंड, की प्लेन व्हाइट. मी प्लेन व्हाइटवर टिक केली. मधुबनी जिंकलं.